दवाखान्यालाही पासबुक हवे

बी. कॉम., द्वितीय वर्ष (मराठी विभाग)

आमच्या घरी कोणी आजारी पडले की थर्मामीटरच्या आधी पिशवी शोधली जाते. साडीच्या दुकानातून मिळालेली, एक बंद तुटलेली प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात जुने केसपेपर, रक्त-लघवी तपासल्याचे कागद, कडा वळलेले दोन एक्स-रे आणि औषधांच्या चिठ्ठ्या. पिशवीचा ताबा आजीकडे. तिची अक्षरओळख बेताचीच; पण कोणता कागद कोणाचा हे ती रंगावरून आणि घडीवरून अचूक सांगते. या पिशवीला मी आजवर हसत आलो होतो. मागल्या पावसाळ्यात जे घडले त्यानंतर हसणे बंद झाले आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने दवाखान्याविषयी लिहिण्याचे धाडस करावे, असे वाटू लागले.

शेतात आजोबांच्या पायाला कुदळ लागली. मधुमेह जुना, त्यामुळे जखम चिघळली. बेळगावातील ज्या मोठ्या दवाखान्यात ते अकरा वर्षे जात होते तेथे नेले, तर तेथला सारा नक्षाच पालटलेला! खिडकीतले जाड रजिस्टर गेले होते आणि त्या जागी संगणक आला होता. जुने केसपेपर संगणकात भरण्याचे काम 'टप्प्याटप्प्याने' चालले आहे, असे सांगण्यात आले. काउंटरवरील बाईंनी आपुलकीने विचारले, "अज्जार, हेसरेन्री?" आजोबांनी आपले नाव सांगितले आणि मी आधार कार्ड पुढे केले. आता आजोबांच्या नावाची सुरुवात 'ज्ञ' या अक्षराने होते, आणि सगळी गोम इथेच आहे.

आपण मराठी माणसे 'ज्ञ'चा उच्चार 'द्न्य' असा करतो आणि इंग्रजीत लिहिताना डी-एन-वाय लिहितो. कन्नडमध्ये तेच अक्षर ज आणि ञ मिळून होते, म्हणून कन्नड शाळेत शिकलेला माणूस जे-एन लिहितो. हिंदीचे वळण असलेला जी-वाय लिहितो. तिघांचेही आपापल्या परीने बरोबर. आजोबांच्या आधार कार्डावर डी-एन-वाय आहे, मतदार ओळखपत्रावर जे-एन आहे आणि अकरा वर्षांपूर्वीच्या केसपेपरावर कोणीतरी जी-वाय लिहून ठेवले होते. बाईंनी कार्डावर पाहून नाव टाइप केले. पडद्यावर काही उमटले नाही. "इल्लरी," त्या म्हणाल्या. आणि मागे रांग वाढत होती म्हणून त्यांनी नवा नंबर देऊन टाकला. अकरा वर्षांचा रुग्ण एका क्षणात नवखा झाला.

आतील डॉक्टर तरुण आणि सज्जन होते. त्यांनी पाय नीट पाहिला आणि इंजेक्शन लिहिले. "कशाची अ‍ॅलर्जी आहे का?" असे विचारलेही. डॉक्टरांना सर्व काही ठाऊक असते अशी आजोबांची श्रद्धा. शिवाय अ‍ॅलर्जी हा शब्द त्यांच्या बोलण्यातला नव्हे. ते म्हणाले, "काय नाय." डॉक्टरांनी संगणकात तशी नोंद केली. इतक्यात आजीने पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढून टेबलावर ठेवला. त्यावर पूर्वीच्या कोणा डॉक्टरांनी लाल शाईने, खाली दोन रेघा ओढून, पेनिसिलीन हे नाव लिहिले होते. त्या वेळी ते इंजेक्शन घेतल्यावर आजोबांच्या अंगावर गांधी उठल्या होत्या आणि श्वास लागला होता. आताचे इंजेक्शन त्याच जातीचे निघाले. डॉक्टरांनी ते रद्द केले, दुसरे औषध दिले आणि आजीला चक्क हात जोडले.

इथवरची हकीकत सुखान्त म्हणावी लागेल. पण संध्याकाळी घरी येऊन मी दवाखान्याने दिलेला छापील कागद वाचला. त्यात इंग्रजीत एक ओळ होती : ज्ञात अ‍ॅलर्जी, नाही. घाईत औषध बदलले, रकाना मात्र तसाच राहिला होता.

हिशेबात शून्य आणि कोरी जागा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे आम्हाला अकौंटन्सीच्या पहिल्याच महिन्यात शिकवतात. येणे शून्य म्हणजे तपासून पाहिले, काही येणे नाही. कोरी जागा म्हणजे अजून कोणी पाहिलेलेच नाही. जुन्या केसपेपरावर काही लिहिलेले नसले तर डॉक्टर समजत, की कोणी विचारले नसावे, आपण विचारू. संगणकात बहुधा असा रकाना भरल्याखेरीज पुढे जाता येत नाही. म्हणून जे कोणी नीट पाहिले नाही तेही 'नाही' म्हणून नोंदले जाते. आणि छापील अक्षराचा दरारा असा, की पुढचा डॉक्टर ते तपासलेले सत्य म्हणून वाचतो. कागदावरची चूक त्या कागदापुरती राहत असे. संगणकातील चूक एका विभागातून दुसऱ्या विभागात, एका भेटीतून दुसऱ्या भेटीत, आपोआप उतरत जाते. मागल्या भेटीचा मजकूर तसाच उचलून पुढे चिकटवण्याची सोय असल्यामुळे ती उतरवून घेण्याचे कष्टही कोणाला पडत नाहीत.

याच दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये पूर्वी एक वयस्क कारकून होते. मी लहानपणी आजोबांबरोबर जात असे तेव्हा त्यांना पाहिले आहे. कार्ड हरवले असे सांगितले की ते चिडत. पण लगेच विचारत, गाव कोणते, साल कोणते, कोणाचा मुलगा? आणि पाच-दहा मिनिटांत धुळीने माखलेली फाईल घेऊन येत. 'ज्ञ'ची तिन्ही रूपे त्यांना ठाऊक होती. लक्ष्मी हे नाव एक्सनेही लिहितात आणि के-एस-एच करूनही लिहितात, चव्हाणाचे स्पेलिंग चार तऱ्हांनी होते, माहेरच्या नावाने पहिल्या बाळंतपणाला आलेली मुलगी दुसऱ्या खेपेस सासरच्या नावाने येते, हे सारे त्यांच्या डोक्यात होते. ते निवृत्त झाले. संगणक बसवावयाच्या आधी कोणी त्यांच्यापाशी बसून हे उतरवून घेतले असेल असे वाटत नाही. घ्यावयास हवे होते, कारण नावे जुळवण्याचे जे काम संगणकाला शिकवावे लागते ते या गृहस्थांनी नोकरीभर केले होते.

कोणी म्हणेल, नावाऐवजी जन्मतारीख पाहावी. आपल्या भागातील वडीलधाऱ्यांच्या जन्मतारखा पाहा म्हणजे गंमत कळेल. गुरुजींनी शाळेत नाव घालताना जो १ जून लावला तोच जन्मभर चालला. जे शाळेतच गेले नाहीत त्यांच्या आधार कार्डावर १ जानेवारी. आमच्या गल्लीत १ जूनला निम्म्या म्हाताऱ्यांचे वाढदिवस येतात! म्हणजे एका माणसाच्या दोन नोंदी होण्याचे भय आहे तसे दोन माणसांची एक नोंद होण्याचेही आहे, आणि हे दुसरे अधिक वाईट.

एवढे वाचून मी कागदाची बाजू घेतो आहे असा कोणी समज करून घेऊ नये. कागदाचे गोडवे गाणाऱ्यांनी शिरोळ तालुक्यात राहणाऱ्या माझ्या आत्याला विचारावे. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला तेव्हा घरात छातीएवढे पाणी होते. माणसे वाचली, पण हृदयाच्या शस्त्रक्रियेचे तिचे सगळे कागद लगदा होऊन गेले. पुढच्या डॉक्टरांना कोऱ्या पाटीवर सुरुवात करावी लागली आणि महागड्या तपासण्या पुन्हा झाल्या. शिवाय डॉक्टरी अक्षर, कार्बनची फिकट प्रत, वाळवी, हरवलेल्या फायली यांविषयी काय बोलावे! भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णांचे कागद डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावयाचे आहेत. अकरा वर्षांपूर्वीची लाल शाई त्या हिशेबाने केव्हाच रद्दीत जाऊ शकली असती. त्याच नियमांत नोंदी संगणकावर आणण्याचा प्रयत्न व्हावा, असेही म्हटले आहे. तेव्हा ही गोष्ट आज अचानक कोणाच्या डोक्यातून निघालेली नाही.

आणि आपल्या सीमाभागाला तर तिची गरज इतरांहून अधिक आहे. चंदगडचा रुग्ण बेळगावला येतो, आपला मिरजेला किंवा कोल्हापूरला जातो, कोणी घाट उतरून बांबोळीला जातो. तीन राज्ये, तीन सरकारी योजना, तीन तऱ्हांचे कागद. सीमेचा दावा २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे. रोग मात्र निकालासाठी थांबत नाहीत. बेळगावात काढलेला एक्स-रे मिरजेच्या डॉक्टरांना बसल्या जागी दिसला, तर गरिबाचे पैसे आणि दिवस दोन्ही वाचतील.

मग माझी तक्रार कशाची? बँकेचे उदाहरण घेतो, कारण तेवढेच मला बरे समजते. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने बँकांच्या संगणकीकरणाचा मार्ग आखून दिला. पुढे दोन-तीन दशकांत खातेवह्या गेल्या, लेजर गेली, काउंटरमागचे उंच स्टूल गेले. पण पासबुक राहिले. खातेदाराच्या हातात त्याच्या खात्याची प्रत राहिली. आम्ही परीक्षेसाठी बँक रिकन्सिलिएशनची गणिते सोडवतो, त्यांचे मर्म एवढेच, की एकाच व्यवहाराची नोंद दोन वेगळ्या हातांनी झालेली असावी आणि ती दोन्ही समोरासमोर ठेवून पाहता यावी. बँकेने पाचशेच्या जागी पन्नास मांडले तर पहिली बोंब ठोकतो तो खातेदार. ऑडिटर नंतर येतो.

दवाखान्यात कागद होते तेव्हा असे काहीसे पासबुक आपोआपच होते : आजीची पिशवी. केसपेपर, चिठ्ठ्या, अहवाल रुग्णाच्या घरी जात. ती व्यवस्था कोणी ठरवून केलेली नव्हती, अडाणी होती, पण दुसरी प्रत दुसऱ्याच्या हातात होती. संगणक आला आणि काही दवाखान्यांनी कागद देणे कमी केले. "सगळे सिस्टीममध्ये आहे" हे वाक्य हल्ली प्रत्येक खिडकीवर ऐकू येते. म्हणजे खातेवही अद्ययावत झाली आणि पासबुक बंद पडले. असे एखाद्या बँकेने केले असते तर आपण दुसऱ्या दिवशी ठेव काढून घेतली असती.

सरकारी योजनेत याचा विचार नाही असे म्हणता येणार नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशन ऑगस्ट २०२० मध्ये सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रयोग म्हणून सुरू झाले आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर लागू झाले. त्यात प्रत्येकाला 'आभा' नावाचा चौदा आकडी क्रमांक मिळतो. तो घेणे ऐच्छिक आहे. नोंदी दिल्लीतील एखाद्या कोठारात साठत नाहीत. ज्या दवाखान्यात झाल्या तेथेच राहतात, आणि रुग्णाने संमती दिली तर दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात. योजना कागदावर फार विचारपूर्वक आखलेली आहे. आतापर्यंत ७० कोटींहून अधिक क्रमांक काढले गेले आहेत. पण क्रमांक निघणे आणि त्यामागे खरी, वाचता येणारी, तपासता येणारी नोंद असणे या दोन गोष्टी आहेत. खाते उघडले म्हणजे शिल्लक जमा झाली असे होत नाही. आजोबांचाही आभा क्रमांक आहे. ओपीडीच्या रांगेत टोकन घेताना तो एकदा उपयोगी पडला. त्यापलीकडे त्यात काय आहे हे आजोबांना ठाऊक नाही, कारण ते पाहावयाचे माझ्या मोबाईलवर.

मोबाईलचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या घरी सात माणसे आणि दवाखान्यात देण्याचा नंबर एकच, माझा. सगळ्यांचे अहवाल माझ्याकडे येतात. मी आजोबांचा साखरेचा आकडा वाचला तर बिघडत नाही. पण घराघरांत असा एक मोबाईल आहे, आणि तो बहुधा पुरुषाच्या खिशात आहे. नव्या सुनेची तपासणी, कोणा मुलीचे दुखणे, कोणाचे मनाचे औषध, हे सारे त्या एका खिशात जमा होणार. बायकांचे केसपेपर बायकांच्या पेटीत असत. हे बारीक वाटेल, पण एखादीला या भयानेच दवाखान्याची पायरी चढणे नको वाटू शकते. मला वाटते, संगणकचोरांपेक्षा आपल्याकडे हे भय जवळचे आहे.

संगणकचोर नाहीत असे नव्हे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर परक्यांनी कुलूपबंद करून टाकले आणि देशातील त्या अग्रगण्य संस्थेला जवळजवळ दोन आठवडे पुन्हा हाताने कागद लिहावे लागले. ज्यांना कागदावर काम करण्याची सवय होती ते कर्मचारी तेव्हा उपयोगी पडले असतील. आणखी वीस वर्षांनी तशी सवय असलेले कोण उरणार?

तेव्हा मागणी साधी आहे. दवाखान्यातून बाहेर पडताना प्रत्येक वेळी, न मागता, रुग्णाला छापील प्रत मिळावी. तिच्यात औषधांची नावे इंग्रजीत असोत. पण चार गोष्टी, म्हणजे रोग कोणता, औषध केव्हा घ्यावयाचे, कोणते औषध चालत नाही आणि पुन्हा केव्हा यावयाचे, या रुग्णाला वाचता येईल त्या भाषेत असाव्यात. अ‍ॅलर्जीच्या रकान्यात 'नाही' आणि 'विचारले नाही' असे दोन वेगळे पर्याय असावेत. नवा नंबर देण्यापूर्वी नावाची दुसरी स्पेलिंगे पाहिलीच पाहिजेत. आणि चूक दिसली तर ती दुरुस्त करून घेण्यासाठी एक खिडकी असावी, तेथे माणूस बसलेला असावा. यातली एकही गोष्ट चंद्रावरून आणावयाची नाही. रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत कागद द्यावेत, हे २००२ च्या त्या नियमांतच आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपल्या माहितीत दुरुस्ती मागण्याचा हक्क दिला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. अमेरिकेत तर २०१६ च्या एका कायद्याच्या आधारे एप्रिल २०२१ पासून डॉक्टरांनी लिहिलेले टिपण रुग्णाला विनाविलंब आणि विनामूल्य पाहता येते. तेथील काही डॉक्टरांना आधी हे रुचले नव्हते. आपल्याकडेही रुचणार नाही. शंभर-सव्वाशे रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांनी टंकलेखकाचे काम केव्हा करावे, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. त्यासाठी वेगळा माणूस नेमावा आणि डॉक्टरांना रुग्णाकडे पाहू द्यावे.

भाषेचा मुद्दा काढला की आपल्या गावात लगेच त्याला भलता रंग चढतो, म्हणून एक प्रसंग सांगतो. त्या दिवशी रांगेत आमच्या पुढे बैलहोंगलकडील एक अज्जी होत्या. त्यांना कन्नडखेरीज काही येत नव्हते, आणि त्यांच्या हातातला छापील कागद शंभर टक्के इंग्रजीत होता. गोळी जेवणाआधी की जेवणानंतर, हे त्यांना मी वाचून कन्नडमध्ये सांगितले. मग त्यांनी ते आमच्या आजीला सांगितले, कारण तिचीही गोळी तीच होती! आमच्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांपैकी कोणी याच विषयावर लिहील तर तो लेख आणि माझा लेख फारसे वेगळे निघणार नाहीत.

आजोबांच्या दोन नंबरांचा एक करावा आणि तो रकाना दुरुस्त करावा म्हणून मी अर्ज दिला. तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेस असा अर्ज कोणी घ्यावयाचा हेच कोणाला ठाऊक नव्हते; तिसऱ्या खेपेस त्याच तरुण डॉक्टरांनी स्वतः संगणकापाशी उभे राहून काम करून घेतले. आता जुन्या-नव्या नोंदी एका ठिकाणी आल्या आहेत. पेनिसिलीनचे नाव पडद्यावर तांबड्या अक्षरांत दिसते. त्या गडबडीत नावाचे स्पेलिंग तेवढे चौथेच पडले आहे. आणखी एक अर्ज द्यावा असे मी म्हणतो आणि आजोबा म्हणतात, "राहू दे रे." नवा छापील कागद आजीने घडी घालून पिशवीत ठेवला, त्यापूर्वी माझ्याकडून त्यावर लाल पेनने मराठीत औषधाचे नाव लिहून घेतले आणि खाली दोन रेघा ओढावयास लावल्या.